न वाचलेला सातवा अध्याय

मंडळी, देवाचं नाव घेण्यात आपण कधी कधी किती हुशारी करतो, त्याची ही गोष्ट आहे. वृंदाताईंची म्हणून सांगतो, पण वाचता वाचता ती थोडी तुमची-माझी वाटली तर माझा इलाज नाही.

वृंदाताईंचे यजमान गुरुदत्त केंद्र सरकारच्या नोकरीत. बदली होऊन दोन वर्षांपूर्वी ते कोलकात्याला आले आणि सॉल्ट लेकमध्ये क्वार्टर मिळालं. मुलगी आभा नववीत. नव्या गावात मराठी माणूस आधी मराठी माणूस शोधतो, तसे ताईंनी शोधले आणि एकवीस जणांचा एक पोथीवाचन गट मोबाइलवर उभा केला. पोथीचे अध्याय एकवीस, माणसं एकवीस. दर गुरुवारी प्रत्येकानं आपला ठरलेला अध्याय घरी वाचायचा आणि गटावर जोडलेल्या हातांचं चित्र टाकायचं. एकवीस हात जमले की एक पारायण पूर्ण. सातवा अध्याय वृंदाताईंकडे होता.

पहिले काही महिने त्यांनी तो मनापासून वाचला. मग जूनमधल्या एका गुरुवारी सकाळीच पाहुणे आले. गटावर वीस हात पडले होते, एक बाकी होता. ‘आता टाकून ठेवते, दुपारी वाचते’ म्हणून ताईंनी हात टाकले आणि दुपारी विसरल्या. आभाळ काही कोसळलं नाही. पुढच्या गुरुवारी तर पाहुणेही नव्हते, तरी तसंच झालं. सवय ही बया दार वाजवून येत नाही, आली की पाट मात्र मांडून बसते.

वाचनाची वेळ मग रिकामी राहिली असेल म्हणता? छे. त्याच फोनवर जगातली सगळी भांडणं हात जोडून उभी होती. कुणाचा घटस्फोट, कुणाचं नवं घर, टीव्हीवरच्या आरडाओरड्याचे तुकडे. ताई अंथरुणातच ते बघत राहायच्या. आठ वाजेपर्यंत मनात कुणाबद्दल तरी राग, कुणाबद्दल तरी असूया भरलेली असे, आणि देवापुढे दिवा लावताना काही म्हणजे काही वाटत नसे. असं का होतं हे त्यांना कळत नव्हतं. कधी कधी त्या गॅलरीत उभ्या राहून समोरच्या कदंबाकडे बघत, आणि ते झाडही काचेपलीकडे असल्यासारखं दूर वाटे.

जानेवारीत गटाला वर्ष होत आलं. रविवारी सांगता ठरली. त्याआधी बुधवारी शिबपूरहून उषाताईंचा फोन आला. हावड्याच्या बाजूला, नदीकाठी त्यांचं घर. त्यांचे यजमान श्यामकांत एका ओतकाम कारखान्यातून निवृत्त झालेले. जुलैत त्यांना अर्धांगाचा झटका आला होता.

“वृंदा, रविवारी सातवा अध्याय तू मोठ्यानं वाचायचास,” उषाताई म्हणाल्या. “तुला कधी सांगितलं नाही मी. ऑगस्टमधला गुरुवार होता. मी यांच्या उशाशी बसले होते. फोनवर तुझे हात आले, सातवा अध्याय झाला म्हणून, आणि त्याच घटकेला यांनी उजव्या हाताचं बोट हलवलं. तेव्हापासून मी मनाशी धरून बसलेय, रविवारी तुझी ओटी भरायची.”

वृंदाताईंनी “हो” म्हटलं आणि फोन ठेवला. ऑगस्टमध्ये आपण काय करत होतो हे त्यांना पक्कं माहीत होतं.

त्यांनी देवघरातून पोथी काढली, लाल कापड सोडलं. कोलकात्याचा पावसाळा कपाटातल्या चामड्याच्या चपलांवरही बुरशी धरतो. न उघडलेल्या पोथीला तो कसा सोडेल? सातव्या अध्यायाची पानं एकमेकांना घट्ट चिकटली होती. ताईंनी नखानं सोडवायचा प्रयत्न केला तर एका पानाचा कोपरा फाटून हातात आला.

गुरुदत्त चहा पीत होते. सगळं ऐकून म्हणाले, “अगं, मोबाइलवर असेल की ही पोथी. त्यातून वाच. कोण विचारणार आहे?”

आभा सहज म्हणाली, “आई, तू टेन्शन नको घेऊ. मागच्या महिन्यात दोन वेळा तू झोपली होती ना, तेव्हा तुझे हात मीच टाकले. कोणाला समजलं पण नाही.”

ताई मुलीकडे बघतच राहिल्या. पोरीच्या बोलण्यात खोटेपणाचा लवलेश नव्हता. आईला कामात मदत केली, एवढंच तिला वाटत होतं. भक्ती म्हणजे काय, हे ती घरात बघून शिकली होती. ताईंना त्या क्षणी आपली इतकी लाज वाटली की त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या.

रविवारी पोथीतून वाचलं काय, मोबाइलवरून वाचलं काय, कुणी हटकलं नसतं. पण उषाताई खण-नारळ घेऊन पुढे आल्या की ओटी कशी पसरायची? आणि खरं सांगितलं तर? नवऱ्याच्या उशाशी बसून त्या बाईनं ज्याला धरून दिवस काढले, तेच तिच्या हातातून काढून घ्यायचं? ताईंना दोन्हीकडून वाट दिसेना. गुरुवारी सकाळी पोथी पिशवीत घालून त्या घराबाहेर पडल्या.

एस्प्लनेडला उतरून त्या नदीच्या घाटापर्यंत चालत गेल्या आणि शिबपूरच्या लाँचमध्ये बसल्या. धुकं इतकं होतं की पलीकडचा काठ नव्हताच. पाणी आणि आभाळ एकाच राखाडी रंगाचं, मधोमध लाँचचा संथ घरघराट. नदीवरच्या पुलाचा वरचा भाग तेवढा कुठंतरी अधांतरी तरंगत होता. आपण कुठून निघालो आणि कुठं चाललो, याची ताईंना मिनिटभर खरंच शुद्ध राहिली नाही. मग जलपर्णीचा एक हिरवा पुंजका शेजारून गेला. त्यावर एक बगळा निवांत उभा होता, घरच्या ओट्यावर उभा राहावा तसा. ताई त्याच्याकडे बघत राहिल्या आणि एकदम त्यांच्या लक्षात आलं, हा पुंजका समुद्राकडे जात नाहीये. तो उलटा, वरच्या अंगाला चाललाय. सारी नदीच उलटी चालली होती. दोन वर्षं या गावात राहून त्यांनी हे कधी पाहिलं नव्हतं. किती दिवसांनी त्यांना काहीतरी खरोखर दिसत होतं.

शिबपूरच्या घाटाच्या पायऱ्यांवर श्यामकांत बसले होते. अंगावर शाल, डोक्याला माकडटोपी, शेजारी काठी. उषाताई बाजारात गेल्या होत्या. ताई त्यांच्या शेजारी बसल्या. प्रस्तावना न करता सगळं सांगून टाकलं, जूनपासून आभापर्यंत.

श्यामकांतांचं बोलणं अजून जड होतं. शब्द सावकाश येत. “नदी बघितलीस?” त्यांनी विचारलं.

“उलटी वाहतेय, भाऊजी.”

“भरती आहे. दिवसातून दोनदा समुद्र आत शिरतो. मी तीन महिने खिडकीतून एवढंच बघितलं. पाणी वर गेलं, पाणी खाली आलं. एक दिवस चुकलं नाही. मी भट्ट्या चालवलेला माणूस, मला माहीत आहे, न बिघडता काही चालवणं किती अवघड असतं. मनात आलं, एवढं जो चालवतो, तो माझ्या एका बोटाचंही बघेल. माझा देवावर विश्वास बसला तो या पाण्यामुळे.”

“पण उषाताईंना वाटतं, माझ्या वाचण्यानं...”

“तू वाचलं नाहीस, तरी बोट हललं. म्हणजे तो तुझ्या हजेरीवर चालत नाही. ही आनंदाची गोष्ट आहे.”

“मग पोथी वाचायची तरी कशाला, भाऊजी?”

“तो आपल्याला ओळखतोच. आपण त्याला विसरतो, म्हणून वाचायची.” त्यांनी काठीनं पाण्याकडे दाखवलं. “नदीला दार नाही. समुद्र शिरला की तिला खारं व्हावंच लागतं. माणसाला दार दिलंय. डोळे, कान, सगळी दारंच. तू पोथी मिटलीस आणि फोन उघडा ठेवलास. सकाळपासून काय काय आत आलं असेल? मग दिवा लावताना कोरडं वाटतं, त्यात देवाचा काय दोष?”

एवढं बोलून ते दमले. उठता उठता म्हणाले, “उषाला मात्र तूच सांग. ते मी सांगणार नाही.”

दोघं घरी पोचले तोवर उषाताई बाजारातून आल्या, मटार सोलायला बसल्या. वृंदाताईंनी पिशवीतून पोथी काढून समोर ठेवली आणि सांगितलं. उषाताईंचे हात थांबले.

“ऑगस्टमध्ये वाचला होतास?”

“नाही.”

“एकदाही?”

“नाही, उषाताई. जूनपासून एकदाही नाही.”

उषाताई अर्ध्या सोललेल्या शेंगेकडे बघत राहिल्या. बाहेर लाँचचा भोंगा वाजला. मग त्या उठून आत गेल्या, आणि वृंदाताईंना वाटलं, आता आपण उठावं आणि निघावं.

पण त्या परत आल्या, ते पातळ पात्याची बोथट सुरी घेऊन! पोथी मांडीवर घेऊन त्यांनी पानांच्या मधे सुरी अलगद सरकवली. कितीतरी वेळ त्या एकेक पान सोडवत होत्या. काही अक्षरं समोरच्या पानावर उमटून गेली होती, काही पुसलीच होती. तिथं त्या आठवून शब्द म्हणत, सासूबाईंकडून ऐकलेले. वृंदाताई पेन्सिलीनं ते भरत होत्या. त्याच अध्यायात कुठंतरी होतं, की घरात शिरणाऱ्याला आपण निदान नाव तरी विचारतो, मनात शिरणाऱ्याला तेही विचारत नाही. ताईंचे डोळे भरून आले. हे गेले सात महिने इथंच होतं.

“मला राग आलाय,” उषाताई हातातलं पान न सोडता म्हणाल्या. “तो जाईल हळूहळू. तुझ्यावर भार टाकून बसले होते मी, ते माझंही चुकलंच. पण त्यांचं बोट हललं ते हललं. ते ज्यानं हलवलं, त्याचे आभार मानायला मला तुझी मध्यस्थी नको.” मग जरा थांबून, “रविवारी वाच तूच. पण आधी सगळ्यांना सांग.”

रविवारी मराठी मंडळाच्या छोट्या खोलीत वृंदाताई उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. गुरुदत्त जमिनीकडे बघत होते. मग कोपऱ्यातून वयोवृद्ध शरच्चंद्र म्हणाले, “माझा सोळावा. चष्मा बदलल्यापासून वाचलेला नाही.” कुणी हसलं नाही. त्यानंतर आणखी चौघांनी सांगितलं. बाकीच्यांचं त्यांच्या देवाला ठाऊक.

ताईंनी सातवा अध्याय वाचला. अडखळत, पेन्सिलीच्या अक्षरांशी थांबत. श्यामकांत डोळे मिटून ऐकत होते. वाचन संपल्यावर उषाताई खण-नारळाचं ताट घेऊन पुढे आल्या, आणि ते त्यांनी देवापुढे ठेवलं.

“वृंदा, तुझी ओटी पुढच्या वर्षी भरीन,” त्या सर्वांसमक्ष म्हणाल्या. “मनापासून.”

वृंदाताईंनी वाकून त्यांना नमस्कार केला. कुठल्याही सत्कारानं झालं नसतं इतकं त्यांना हलकं वाटलं.

गटावर आता हात टाकायचे नाहीत, असं त्याच दिवशी ठरलं. एकवीस जणांतले नऊच वाचायला उरले. पारायण पूर्ण व्हायला तीन गुरुवार लागतात, कधी चारही. ताई सकाळी आधी गॅलरीत जातात, कदंबावर कोण आलंय ते बघतात, मग पोथी उघडतात, फोन त्यानंतर. आभा शेजारी बसून बोट ठेवत, अक्षर लावत वाचते. परवा एका शब्दाशी अडली. “आई, याचा मतलब काय?”

“मलाही माहीत नाही गं,” ताई म्हणाल्या. “थांब, परत वाचू.”

तेव्हा वाचकहो, श्रद्धा ही दुसऱ्याला दाखवायची हजेरी नाही, आणि ती आपल्या वतीनं दुसऱ्यानं लावूनही चालत नाही. ती हवी असेल तर रोज थोडा वेळ देवानं घडवलेलं जग बघा, थोडा वेळ पोथीत बसा, आणि मनाच्या दाराशी राखणीला स्वतः उभे राहा. तिथं बदली माणूस मिळत नाही.