खुणेपासून सरकलेली तबकडी

मी एक जुनी तबकडी आहे, मित्रांनो. पारदर्शक, तळहातावर मावेल एवढी. एका कारागिराने स्फटिक घासून घासून मला घडवलं, कडेला एक बारीक रेघ कोरली आणि मी दुर्बिणीच्या कॅमेऱ्यात जाऊन बसले.

माझं काम फिरण्याचं. धुळीआडच्या ताऱ्यांचा अवरक्त प्रकाश तुमच्या डोळ्यांना दिसत नाही, पण तो धुळीतून वाट काढतो. आपल्या आकाशगंगेचं चुंबकीय क्षेत्र वाटेतल्या धूलिकणांना एका दिशेला वळवून ठेवतं, म्हणून त्यांच्यातून आलेला प्रकाशही एका दिशेने जास्त थरथरतो. थोडीथोडी वळत मी ती दिशा पकडायची. हजारो ताऱ्यांच्या अशा दिशा मांडून त्या क्षेत्राचा नकाशा होत होता.

माझी देखभाल एका संशोधक बाईंकडे होती. मला पुसताना त्या श्वाससुद्धा रोखून धरायच्या. "गुणी बाळ माझं ते," म्हणायच्या. मी खरंच मानलं ते.

एका दुपारी मला परत बसवताना त्यांचा फोन वाजला.

"ताप? किती भरलाय? तिला पाणी देत राहा, मी निघालेच!"

घाईघाईत माझी रेघ चौकटीवरच्या खुणेला जुळवायची राहिली. बसवल्यावर त्या एका ओळखीच्या ताऱ्यावर मला तपासून घ्यायच्या, तेही राहिलं. त्याबद्दल माझा राग नाही. लेक तापाने फणफणली असताना कुठल्या आईचं चित्त थाऱ्यावर राहील?

वर्षभराने नकाशातल्या रेषा इतरांच्या नकाशांशी जुळेनात. प्रकल्पाचे प्रमुख तणतणत आले.

"काय हो, तुमची लाडकी तबकडी गेली वाटतं कामातून?"

बाईंनी झाकण उघडलं. रेघ एकीकडे, खूण दुसरीकडे. त्यांचा चेहरा उतरला. सवयीने त्यांनी मी किती सरकले ते मोजलं, वहीत टिपलं आणि वही पर्समध्ये टाकली. आता सांगतील, असं मला वाटलं.

"हो सर. जुनीच झाली होती ती."

"म्हणजे वर्षभराची मेहनत पाण्यात!"

बाई माझ्याकडे न बघता स्क्रू काढत राहिल्या.

त्या वहीतल्या आकड्यावरून हिशेब करून प्रत्येक दिशा सारखीच मागे वळवली, की सगळा नकाशा सरळ होतो. हे त्यांनाच तर सगळ्यात चांगलं ठाऊक!

आता मी कपाटात आहे, बिघडलेल्या वायरींच्या गुंत्यात. काल बाई आल्या, मला हातात घेतलं. "रागावलीस?" एवढंच म्हणाल्या आणि मला पालथी ठेवून गेल्या. वर्षभराची मोजमापं सोमवारी पुसणार आहेत.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढंच मागते, की आम्हाला तोंड नाही म्हणून आपली चूक आमच्यावर ढकलू नका. आणि बाई कुठे भेटल्याच, तर त्यांना सांगा, सोमवारला अजून तीन दिवस आहेत.