पाचांतली एक शाळा

“चार? दहापैकी चार?” मी ट्रिशाच्या हातातला कागद हिसकावूनच घेतला. “कुणी दिले गं हे चार?”

“वेबसाइटनं दिलेत, आई. मी नाही.”

“ती वेबसाइट ओल्ड मिलमध्ये कधी जेवून गेली होती?”

माझी लेक हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला आहे. रक्ताच्या बाटल्या ज्या शिस्तीनं लावते, त्याच शिस्तीनं तिनं अमेरिकेतल्या ओमाहा शहराबाहेरच्या आमच्या डिस्ट्रिक्टमधल्या पाचही प्राथमिक शाळा एका तक्त्यात लावल्या होत्या. गणितात किती, वाचनात किती, एका शिक्षकामागे मुलं किती, इमारत कधीची. हेरन लेकला नऊ. दोन शाळांना सात-सात. क्वारी रोडला पाच. आणि सगळ्यात तळाला ओल्ड मिल, चार. त्याच ओल्ड मिलच्या स्वयंपाकघरात मी, लोरीन कुचेरा, बावीस वर्षं पोरांना जेवण वाढतेय. ते चार वाचून मला कुणी भर चौकात थोबाडीत मारल्यासारखं झालं.

प्रश्न माझ्या नातीचा होता. टेसा पाच वर्षांची. घटस्फोटानंतर ट्रिशा तिला घेऊन माझ्याकडेच राहायला आली होती, आणि ऑगस्टपासून टेसाची शाळा सुरू व्हायची होती. आमच्या पत्त्याला ओल्ड मिल मिळते. दुसरी हवी असेल तर पंधरा मार्चच्या आत अर्ज द्यायचा. ट्रिशाला हवी होती हेरन लेक. मला ओल्ड मिल. कारण कशाला लपवू? माझ्या निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती. रोज पावणेबाराला माझ्या नातीनं ताट घेऊन माझ्यापुढं उभं राहावं, एवढंच माझं मागणं होतं.

आणि टेसाचं एक होतं. ती बोलताना अडखळते. मला ती ‘बाबी’ म्हणते, आमच्या चेक वंशाच्या घरांत आजीला तेच म्हणतात. पण तो ‘बा’ कधी कधी सात-आठ वेळा येतो, मग कुठं ‘बी’. शब्द अडकला की तिची मान ताणते, डोळे मिटतात. मला बघवत नाही. म्हणून मी पटकन तिचं वाक्य पुरं करून टाकते. माझ्याइतकं ते कुणालाच जमत नाही, तिच्या आईलासुद्धा नाही.

“ओल्ड मिलमध्ये मी असेन ना तिच्यासाठी,” मी म्हटलं.

“आई, आपला तो बाळ्या नि दुसऱ्याचं ते कार्टं, असं चाललंय तुझं.”

“असं? मग चल, पाचही बघू. पण तुझ्या तक्त्यानं नाही. जेवणाच्या सुट्टीत जायचं.”

आम्हा स्वयंपाकघरवाल्या बायांची शाळा तपासायची एक रीत आहे. आम्ही जेवणघरातलं कचऱ्याचं पिंप बघतो. न उघडलेलं दूध किती, न सोललेली संत्री किती, यावरून पोरांना सुखानं खाऊ देतात की गुरांसारखं हाकलतात, ते लगेच कळतं. मुख्याध्यापक काय वाटेल ते सांगोत, पिंप खोटं बोलत नाही.

हेरन लेक म्हणजे राजवाडाच. जिकडंतिकडं काचा, आणि जेवणघराच्या भिंतीवर चक्क सिग्नलचा दिवा. गोंगाट वाढला की तो लाल होतो आणि सगळी पोरं चिडीचूप. “आमच्याकडे सतरा मिनिटांत जेवण आटोपतं,” मुख्याध्यापक छाती फुगवून म्हणाले. मी पिंपात डोकावले. अर्धं दूध तसंच.

“नाव सोनूबाई...” मी सुरुवात केली.

“हळू, आई. लाल दिवा लागेल,” ट्रिशा पुटपुटली, आणि आम्ही दोघी अशा खिदळलो की टेसासुद्धा हसायला लागली.

सात-सातवाल्या दोन शाळा जुळ्या बहिणींसारख्या. केचपची बाटलीसुद्धा एकाच कोपऱ्यात. ट्रिशानं दोन्हींवर फुली मारली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मग ओल्ड मिल. त्या दिवशी मी कामावरच होते, डोक्याला जाळी बांधून. चिली, म्हणजे खिमा-राजम्याचं तिखट कालवण, आणि सोबत दालचिनीचा गोड रोल. आमच्याकडे तो सणच. चारशे पोरं आणि वाढायला आम्ही दोघी. “मिसेस के! मिसेस के!” असा नुसता गलका. त्या रांगेत माझी टेसा, हनुवटीपर्यंत ताट धरलेली. “बा... बा...”

“चिली आणि मोठा रोल! माहितीय मला, राणी!” मी वाढलं आणि तिला पुढं सरकवलं. मागं पोरं ताटं वाजवत होती. मी अशी खूश होते की काही विचारू नका. कोपऱ्यात उभी ट्रिशा मात्र टेसाकडे बघत होती.

उरली क्वारी रोड. विटांचा नुसता ठोकळा, आणि आत ग्लेंडा प्रोहास्का. ग्लेंडाशी माझं अठरा वर्षं पटत नाही. भांडण रोलवरून. ती रोलवर साखरेचं आवरण घालत नाही, आणि वर घालणाऱ्यांना अक्कल शिकवते. मला बघताच तिनं कमरेवर हात ठेवले.

“या सरकार! पिंप तपासायला आलात? घासून ठेवलंय हो तुमच्यासाठी.”

“तुझं तोंड आधी घास,” मी म्हटलं.

टेसा रांगेतून तिच्यापुढं आली. ग्लेंडा खाली वाकली. “मका देऊ की फरसबी?”

“म... म...”

टेसाची मान ताणली. माझं तोंड उघडलंच. तेवढ्यात ग्लेंडानं हातातला डाव माझ्या नाकासमोर धरला. “लोरीन, तुला नाही विचारलं.”

आणि ती थांबली. टेसाच्या मागं तीसेक पोरं होती, तीही थांबली. एक पोरगा कान खाजवत होता, एक पोरगी बुटाची नाडी बांधत होती. कुणी हसलं नाही, कुणी ताट वाजवलं नाही.

“म-मका. आणि फ... फ... फरसबी पण.”

“शाब्बास. दोन्ही घे,” म्हणून ग्लेंडानं वाढलं.

फरसबी! पाच वर्षांत मी या पोरीच्या ताटात एकदाही फरसबी वाढली नव्हती. तिला ती आवडत नाही, हे माझं मीच ठरवून टाकलं होतं. आणि ती बाकावर बसून एकेक शेंग उचलून खात होती, सावकाश, मजेत. मी पिंप बघायलाच विसरले.

“तुमची पोरं इतकी शहाणी कशी गं?” मी ग्लेंडाला विचारलं. अठरा वर्षांतला माझा पहिला सरळ प्रश्न.

“बोलायला शिकवणारी बाई इथं रोज असते. तुमच्याकडे फक्त मंगळवारी येते. म्हणून अशी पोरं इकडंच येतात. प्रत्येक वर्गात अडखळणारी दोन-तीन असतातच, त्यामुळं बाकीच्यांना थांबायची सवय आहे.” मग ती जरा नरमली. “आणि माझी पोरं दोनशे. तुझी चारशे. मला परवडतं थांबायला.”

हे ट्रिशाच्या तक्त्यात कुठंच नव्हतं.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, “क्वारी रोड लिही.”

ट्रिशानं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. “ग्लेंडाकडे? आई, ताप नाही ना तुला?”

“लिही म्हणते ना.”

“आणि तुझी रांग? केव्हापासून वाट बघतेयस.”

“माझ्या रांगेत तिला सगळं आयतं मिळेल, ट्रिशा. मी तिला बोलूच देणार नाही. माझा स्वभावच तो.” एवढं बोलले आणि मला रडू फुटलं. ट्रिशानं माझा हात घट्ट धरला. मागच्या सीटवर टेसा बोटांवरचा मका चाटत होती.

सप्टेंबरात आजी-आजोबांच्या जेवणाचा दिवस असतो. बावीस वर्षं त्या दिवशी मी दुसऱ्यांच्या नातवंडांच्या आज्यांना वाढत आले. यंदा पहिल्यांदा रजा टाकली, लिपस्टिक लावली आणि क्वारी रोडला गेले. टेसानं माझं बोट धरून मला रांगेत उभं केलं. ताटाच्या या बाजूला उभं राहिलं की हातांचं काय करायचं तेच कळत नाही.

“पाहुण्यांना काय वाढू?” ग्लेंडानं विचारलं.

मी तोंड उघडलं. टेसानं माझी बाही ओढली.

“बा-बाबी, थांब. मी सां... सांगते.”

ग्लेंडा डाव धरून थांबली. मागं आज्या, आजोबा, पोरं, सगळी थांबली. मीही ओठ मिटून घेतले.

“हिला चिली. रोल द-द... दोन.” तिनं मोठा श्वास घेतला. “आणि वर क... क... कांदा नको. हिला नाही आवडत.”

मला कांदा फार आवडतो. ग्लेंडाला ते चांगलं ठाऊक आहे. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि कांद्याचं भांडं बाजूला सरकवलं. मी ताट पुढं केलं.