अंधारातली झाडं

दुपारी लाइन गेली आणि धम्मदीपानं, उन्हाळ्यात मेडशीत सगळेच करतात तसं, खिडकी लावून तिच्यावर ओलं पोतं टाकलं. पाळण्यात तीन महिन्यांचा संघदीप घामोळ्यांनी किरकिरत होता. खोलीत काळोख झाला, जरा गारवा आला, तसं लेकरू निजलं.

मग तिचं लक्ष कोपऱ्यातल्या काचेच्या टाकीकडे गेलं. मासोळ्या पाण्याच्या वर तोंडं काढून हवा गिळत होत्या. पोटुशी मासोळीसुद्धा. केनवडला मामाकडे जाताना नीलिमा बजावून गेली होती, "आई, तिले जपजो. पिल्लं मले पाह्यचे हायेत." पोरगी आज चारच्या एसटीनं परतणार होती.

वीज नाही म्हणून टाकीतला हवेचा पंप बंद. पण टाकीत झाडं होती, दाट, हिरवीगार. झाडं हवा देतात एवढं तिला ठाऊक होतं, आणि त्यांना टाकीला नळीनं जोडलेल्या साखर-यीस्टच्या बाटलीतला गॅस लागतो हे नवऱ्यानं शिकवलेलं. तिनं बाटली गदागदा हलवली. नळीतून बुडबुडे सुटले.

"खा माय, अन् द्या त्याहिले हवा," ती झाडांना म्हणाली.

मासोळ्या आडव्या होऊ लागल्या.

नवरा सतीश अकोल्याला, दुकानात. तिनं फोन लावला.

"अहो, मरून राह्यल्या!"

"बाटली?"

"जोरात सोडली नं, झाडायसाठी."

"खोलीत उजेड हाय?"

"पोतं टाकलं खिडकीले."

"अवं, अंधारात झाडंच हवा वढतात! त्या गॅसानं मासोळ्या गुदमरून राह्यल्या, नळी काढ. खिडकी उघड. मगानं वरतून पाणी ओत, ओततच राय!"

खिडकी उघडताच झळ आत घुसली. संघदीप दचकून रडला. सासू भागिरथा धावत आली.

"काहून व? मासोळ्यायपायी लेकराले भट्टीत घालतं?"

"आत्याबाई, त्याले निंबाखाली न्या. हात जोडतो."

"मंग त्याहिलेच दूध पाज आता!" म्हणत म्हातारीनं नातवाला उचललं.

धम्मदीपा ओतत राहिली. टाकीतूनच मग भरायचा, उंच धरायचा, पाणी सोडायचं. तिच्या डोळ्यांदेखत चार मासोळ्या तळाशी बसल्या. तिघी अजून वर धडपडत होत्या. इतक्या मायेनं केलं ते सगळं उलटंच झालं होतं. दूध दाटून पोलकं ओलं झालं, बाहेर लेकरू टाहो फोडत होतं, आणि तिला हात थांबवता येईना. पोटुशी कलंडली, तेव्हा तिनं डावा तळवा पाण्यात घालून तिला वर तोललं.

दारात चपला वाजल्या. नीलिमा धावत आत आली.

"आई, माही पोटुशी कुठी?"

"हे पाय, माह्या हातावर."

"श्वास घेऊन राह्यली नं?"

धम्मदीपानं तळव्याकडे पाहिलं. त्या एवढ्याशा अंगाची हालचाल तिला जाणवत नव्हती. ओतलेल्या पाण्यानं ते नुसतं डुलत होतं.

"घेऊन राह्यली," ती म्हणाली, आणि तिनं पुन्हा मग भरला.