मातीला फेस आला

डिचोलीकडच्या त्या वाड्यावर अख्खा गाव सगुणच्या शेताच्या मेरेवर गोळा झालेला. मधे महाराज, हातात काळी बाटली. त्यांनी शेतातली काळी माती ताटलीत घेतली, वर तीर्थ ओतलं, आणि माती फसफसून फुगली. फेस ताटलीबाहेर.

"राखणदार देवाचा कोप. पाप उकळतंय," महाराज म्हणाले. मग खालचा तांबडा मुरूम घेतला. तीर्थ ओतलं. फेस नाही. "हा शुद्ध. वरची वीतभर पापी माती काढा. आमचा टिपर घेऊन जाईल, सेवा म्हणून."

टिपरवाला बाबली चाकाला टेकून तंबाखू मळत होता. वर काही बघेना.

सगुणचं वायंगणाचं, झऱ्याच्या पाण्यावरचं उन्हाळी भात दोन वर्षं पिवळं पडत होतं. डोंगरावरच्या खाणीनं झरा आटला, हे त्याला कळत होतं. पण खाणवाल्यांशी भांडायचं कुणाच्या दारात? राखणदाराला निदान रोटाचा नैवेद्य तरी देता येतो. मग हा गडी स्वतःच फावडं घेऊन भिडला. अर्धं शेत सोलून झालं आणि फावडं पायावर बसलं.

त्याची सून गौरवी आरोग्य केंद्रात ड्रेसिंग करते. घरात ठेवलेली ड्रेसिंगची काळी बाटली काढून तिनं जखमेवर ओतली. जखम फसफसली.

सगुण बघतच राहिला. "गे, ह्यां महाराजांचांच तीर्थ."

"मगे बाबानू, तुमच्या पायात पण पाप इलां?"

सगुण लंगडत शेतावर गेला, मागून गौरवी. महाराज आणि गाव अजून तिथंच होते. सगळ्यांसमोर तिनं आपली बाटली काळ्या मातीवर ओतली. फेस. मुरमावर ओतली. काही नाही.

"ह्यां जखम धुवायचां औषध. जीव असता थंय फेस येता," ती म्हणाली. "काळ्या मातीत कुजलेली पानां, किडेकीटक, डोळ्याक दिसत नाय ते जंतू. त्यांच्यावरच भाताचां पोट भरता. मुरूम म्हणजे नुसतो दगड. तो झिजूक, वर पालो कुजूक आणि बोटभर माती होवूक कितीतरी पिढ्यो जातत. महाराज, जीभ काढा. फेस इलो तर तुमकाय टिपरात घालूया."

महाराजांना एकदम दुसऱ्या गावचं बोलावणं आठवलं.

सगुण बाबलीकडे वळला. "माती खंय ओततंस रे?"

"हरमलात. नव्या हॉटेलाच्या लॉनाक."

"थंय पाप चलता?"

बाबलीनं भरलेली ती खेप तिथंच उलटी केली. आधीच्या गेल्या त्या गेल्या. लॉन हिरवंगार झालंय म्हणे.

सगुण आता सोललेल्या तुकड्यात रोज पालापाचोळा नि शेण नेऊन टाकतो. गेलेली माती आपल्या डोळ्यांदेखत परत यायची नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तरी टाकतो.

तेव्हा बाबांनो, कुणी तुमच्या मातीत पाप दाखवलं तर हात जोडायच्या आधी दोन गोष्टी विचारा. बाटलीत काय आहे, आणि टिपर कुठं जातोय.