कवळीने पाहिलेली स्थळं

मी भय्यासाहेब सुभेदारांची वरची कवळी. हसू आलं तर खुशाल हसा, माझा धंदाच हसण्याचा आहे. खालची कवळी ही माझी धाकटी बहीण. स्वभावाने सैल. मी टाळूला धरून असते, तिला मात्र कुठेच धरून राहायची सवय नाही. तिच्यामुळे एकदा काय झालं ते सांगायलाच मी आज तोंड उघडलंय.

आमचा जन्म जबलपूरमधल्या गोरखपूर नावाच्या बाजारातला, चष्म्याच्या दुकानावरच्या एका दवाखान्यातला. डॉक्टरांनी दातांच्या रंगांची पट्टी पुढे केली तेव्हा भय्यासाहेबांनी सगळ्यात पांढरा दात निवडला. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी विनताबाई म्हणाल्या, "इतके पांढरे काहून? लोक म्हणतील, भांड्याच्या पावडरीने घासून राहिले." मग त्यांनी स्वतः जरा पिवळट रंग निवडला. म्हणून मी आज खरी वाटते. हे श्रेय त्यांचं.

भय्यासाहेबांचा मूळ छंद लग्नं जमवण्याचा. जबलपुरातल्या मराठी घरांत कुणाचाही मुलगा मुलगी पाहायला निघाला की भय्यासाहेब सगळ्यांच्या पुढे. पोहे खाऊन ते घराची पारख करत. मूळ गाव विचारत, दाराचं तोंड कुठे आहे ते बघत, मुलीला चालून दाखवायला सांगत, गाणं म्हणायला लावत. निघताना मात्र एकच वाक्य, "नंतर कळवतो." हे वाक्य कानी पडलं की मुलीची आई उरलेले पोहे झाकून ठेवायची.

मग विनताबाई गेल्या. त्यानंतर बरेच दिवस मी वाटीतच होते. मला कुणी मागितलं नाही. एका सकाळी मुलीने, मेघनाने, वाटीतलं पाणी बदलून ती त्यांच्यासमोर ठेवली आणि शेजारी गरम पोळी ठेवली. त्यांनी मला उचललं.

जबलपुरातल्या राइट टाउन भागातल्या त्यांच्या घरात आता बापलेक दोघंच. मेघनाचं लग्न झालेलं नाही. ती बँकेत अधिकारी. गेल्या थंडीत ती बँकेत असताना भय्यासाहेब न्हाणीघरात घसरून पडले आणि ती येईपर्यंत तिथेच बसून राहिले. त्यानंतर महिनाभरात तिला बढती मिळाली, आणि बढतीबरोबर गुवाहाटीला बदली. पुढच्या सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. भय्यासाहेब म्हणाले, गुवाहाटीत मला कोण ओळखतं, मी नाही येणार. घरात एकटं ठेवायला मेघना तयार नव्हती. शेवटी ठरलं की गावाकडचा, मोकळ्या हवेतला एखादा वृद्धाश्रम पाहायचा.

वृद्धाश्रम हा शब्द मात्र त्यांना चालेना. ते म्हणायचे स्थळ. आणि स्थळ म्हटलं की ते पद्धतीनेच पाहायला हवं.

पहिलं स्थळ पनागरच्या बाजूला. खोल्या स्वच्छ, पुढे बाग. भय्यासाहेबांनी पोहे मागवले. घास तोंडात गेला मात्र, ते चावायचे थांबले. पोह्यांत बडीशेप होती. तिकडच्या बाजूला घालतात, आणि मला विचाराल तर वाईट लागत नव्हती. पण त्यांनी बशी सरकवून दिली. "नंतर कळवतो."

दुसरीकडे त्यांनी व्यवस्थापकाला मूळ गाव आणि आजोळ विचारलं. तो बिचारा म्हणाला, "बाबूजी, भर्ती आपको होना है कि मुझे?" तेही स्थळ गेलं. तिसऱ्या ठिकाणी पोहे उत्तम, माणसं गोड, नर्स चोवीस तास हजर. पण मुख्य दार दक्षिणेकडे होतं.

परतताना मेघना गाडी चालवत होती. तिने विचारलं, "बाबा, तुम्हाला तिथे राहायचंय की लग्न करायचंय?"

"राहायचंय म्हणूनच तर जास्त बघून राहिलो. लग्नाच्या वेळी काय, मी पोहे खाऊन घरी यायचो. राहायचं मुलीला असायचं."

मेघना म्हणाली, अगदी साध्या आवाजात, "माझी स्थळंही तुम्ही अशीच पाहिलीत. एकाचं नाक मोठं. एकाच्या घरात फार माणसं. रायपूर लांब म्हणालात. कटनीही लांब म्हणालात. कटनी, बाबा, दोन तासांवरचं."

भय्यासाहेबांची जीभ वर येऊन मला घट्ट दाबून बसली. इतकी वर्षं मी त्यांच्या तोंडात आहे, बोलायचं अडलं की ते असंच करतात.

चौथं स्थळ बरेला गावाच्याही पुढे होतं, मटारच्या शेतांमध्ये. चालवणाऱ्या प्रतिमादीदी फौजेत नर्स होत्या. त्यांनी दारातच सांगून टाकलं की इथे नवीन माणसाला आधी राहणारे पाहतात, मग पुढचं ठरतं. भय्यासाहेबांना वाटलं, त्या चेष्टा करतायत.

व्हरांड्यात सात-आठ म्हातारी माणसं मटार सोलत बसली होती. मधोमध मीराताई, कुठल्यातरी शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी भय्यासाहेबांना समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि नाव विचारलं. मग मूळ गाव. मग स्वयंपाक येतो का. भय्यासाहेबांच्या कपाळावर घाम आला. स्वयंपाक येत नव्हता.

"जरा चालून दाखवा," मीराताई म्हणाल्या.

"काहून?"

"तुम्ही मला दाखवायला लावलं होतं. मुलाकडच्यांना शंका होती, मी लंगडते की काय. आमच्या घरापासून विहिरीपर्यंत चालवलंत. निरोप तुम्ही नंतर कळवणार होतात. मी अजून वाट पाहून राहिले."

सगळे हसले. मीराताईही हसल्या, आणि म्हणूनच त्यांना नाही म्हणता येईना. भय्यासाहेब उठले. काठी त्यांनी मेघनाकडे दिली. न्हाणीघरात पडल्यापासून ते काठीशिवाय चालले नव्हते, आणि मेघना अर्धवट उठून हात पुढे करून उभी राहिली. ते व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले, वळले, परत आले. लग्नाच्या मुलीसारखे नजर खाली ठेवून.

"ठीक आहे. आता गाणं."

भय्यासाहेबांनी एक जुनं नाट्यगीत धरलं. सुरुवात बरी झाली. मग ते तान घ्यायला गेले. मी बहिणीला बजावलं, तोंड मोठं उघडणार आहे, सांभाळ. तिने कुठलं ऐकायला. तान वर गेली आणि माझी बहीण बाहेर गेली, थेट मटारच्या ढिगात.

मग जे काही झालं त्याला शोधमोहीमच म्हणावं लागेल. सगळ्यांचे चष्मे कपाळावरून नाकावर आले. एका दादांनी उत्साहाने काढून दाखवली ती टरफलं निघाली. दुसऱ्यांना वाटलं, आपलीच पडली, म्हणून ते स्वतःच्या तोंडात बोट घालून मोजत बसले. अखेर प्रतिमादीदींना ती सापडली, दोन मटार दातांत धरून. त्यांनी ती धुऊन आणून दिली, जणू चहाचा कप असावा.

मीराताईंनी डोळे पुसले. "आम्हाला पसंत आहे," त्या म्हणाल्या. "तुमचं काय?"

भय्यासाहेबांनी बहिणीला जागेवर बसवलं. दाराकडे पाहिलं. पुढ्यात आलेल्या पोह्यांकडे पाहिलं. आणि सवयीने बोलून गेले, "नंतर कळवतो."

मेघनाने पर्स उचलली. मग त्यांच्या खुर्चीशी वाकून हळूच म्हणाली, "राहू द्या, बाबा. मी बँकेत 'नाही' म्हणून कळवते. आपण घरी जाऊ."

एका बापाला याहून गोड काय ऐकायचं असतं? मला कळत होतं ना. पनागरपासून इथपर्यंतची बडीशेप, आजोळ आणि दक्षिणेकडची दारं याच एका वाक्यासाठी होती. जीभ पुन्हा वर आली आणि मला दाबून बसली. या वेळी मात्र ती तिथे थांबली नाही.

"कटनी जवळ होतं, बेटा," ते म्हणाले. "तू गुवाहाटीला जा."

मग मीराताईंकडे वळून म्हणाले, "पसंत आहे."

पोह्यांत मटार होते, कोवळे. आम्ही दोघी बहिणींनी मिळून सगळे संपवले.

आता आम्ही इथेच असतो. मीराताई भय्यासाहेबांना भाजी चिरायला शिकवतात आणि ती कशी चिरली जाते यावर रोज बोलतात. आमचे सध्याचे हाल मात्र विचारू नका. इथे जेवणं लवकर होतात. जेवण झालं की आम्हाला धुऊन पाण्यात ठेवतात, आणि आम्ही जरा पाय पसरतो न पसरतो तोच गुवाहाटीहून फोन येतो. फोन नुसता वाजला तरी भय्यासाहेब आधी आम्हाला शोधतात, तोंडात बसवतात, आणि मगच उचलतात. आमच्याशिवाय त्यांचे शब्द बोबडे येतात. ते ऐकून मेघना पहिल्या विमानाने परत येईल, अशी त्यांना भीती वाटते. म्हणून जेवण झाल्यावरही ते आम्हाला लावून, एकेक अक्षर सुटं करून सांगतात, मजेत आहे, काही कमी नाही, तू जेवलीस का.

तेव्हा वाचणाऱ्यांमध्ये लांब राहणाऱ्या लेकी असतील, लेक असतील, तर एक विनंती. घरी फोन केलात तर चटकन ठेवू नका, चांगला वाजू द्या. पलीकडे एखादी कवळी पाण्यातून निघून धावत येत असते.

बघा, वाजलाच. येते मी.