पहिल्या पिळ्याचं दूध

शाळेतल्या पोरांना खेळायला म्हणून सिनापातीने आपलं नारळाचं दूध कधी दिलं नसतं. पण लाफाएले मास्तरांनी वर्गाला सांगितलं होतं, घरातून एकेक खायचा जिन्नस आणा, आणि तिच्या नातीने, तिमेनाने, सगळ्यांपुढे जाहीर करून टाकलं होतं की मी आजीचं दूध आणणार. आता नऊ वर्षांच्या पोरीच्या हाती वाडगा देऊन तो रस्त्यात लवंडू देण्यापेक्षा सिनापाती स्वतःच निघाली. मागून तिची सून सिएनी, हातात झाकलेला वाडगा.

जायला आणखी एक कारण होतं. चर्चचं नवं छप्पर पुरं झालं होतं आणि रविवारी अर्ध्या बेटाचे पाद्री जेवायला यायचे होते. अळूच्या पानांत बांधून तापल्या दगडांवर भाजायचं ते दूध कोणी पिळायचं, हे गावच्या बायकांचं मंडळ आज संध्याकाळी ठरवणार होतं. इतकी वर्षं ठरवायचं काही नव्हतं. बावीस वर्षं सिनापातीच पिळत आली होती. दुसऱ्यांच्या घरी हे काम तरण्या पोरांचं. "ती पोरं नारळ पिळतात की ओला टॉवेल, तेच कळत नाही," असं ती म्हणायची आणि स्वतः बसायची. पण यंदा फेतूने मंडळात तोंड उघडलं होतं, की सिनापाती आता थकली, मला करू द्या. फेतूचा नातू याच वर्गात होता, त्यामुळे फेतूही आपलं दूध घेऊन चटईवर येऊन बसली होती, मांडी घालून, जागा अडवून.

पोरांनी केळीच्या पानाच्या तुकड्यांवर जिन्नस मांडले होते. अळकुडी, कच्चं केळं, नीरफणस, माशाचा तुकडा, उकडलेलं अंडं. मास्तरांच्या हातात बाटली होती, दवाखान्यातली नर्स जखमेला लावते त्या तपकिरी आयोडीनची.

"ज्यात पिष्ट आहे ते काळंनिळं पडेल," मास्तर म्हणाले. "आधी अंदाज लिहा, मग थेंब टाका. उलटं नको."

सिनापाती दुसरीपर्यंत शिकलेली. "जे जिभेला कळतं ते औषधाला विचारायचं," ती सिएनीला म्हणाली, वर्गाला ऐकू जाईल इतक्या हळू. सिएनी हसली नाही. एरवी हसायची.

अळकुडी काळी पडली. केळं पडलं, नीरफणस पडला. मासा तसाच. पोरं गुडघ्यांवर पुढे सरकली. मग फेतूच्या दुधात थेंब पडला, पिवळट होऊन पसरला आणि तसाच राहिला.

"नारळाच्या दुधात पिष्ट जवळजवळ नसतंच," मास्तर म्हणाले. "तिमेना, तुझं बघू."

तिमेनाने थेंब टाकला. तो पडला तिथे दुधात शाईसारखा काळानिळा डाग उमटला.

तिमेनाने वहीकडे पाहिलं, मग वाडग्याकडे. अंदाज चुकला म्हणून तिचा चेहरा पडला होता, बाकी तिला काही कळलं नव्हतं.

"अळकुडीचा चमचा लागला असेल," मास्तर घाईने म्हणाले. नवा चमचा, नवं पान. पुन्हा काळं.

"अगंबाई," फेतू म्हणाली, "तुझ्या माडाला अळकुड्या लागतात वाटतं?"

सिनापातीचे कान तापले. तिच्या घरात पिष्ट म्हणजे आरारूट, आणि आरारूट असायचं ते झाडाची साल कुटून केलेल्या कापडाचे पदर चिकटवायला, एका डब्यात, वरच्या फळीवर. आज पहाटे दूध तिने स्वतः पिळलं, वाडगा झाकला, आंघोळीला गेली. मध्ये घरात कोण होतं? तिने मान वळवली. सिएनी चटईची वीण बघत होती.

"दूध माझ्या घरचं आहे," सिनापाती फेतूला म्हणाली. "त्यात जे असेल ते माझं. तू तुझं बघ." आणि सुनेला दंडाला धरून बाहेर, पाण्याच्या टाकीपाशी घेऊन गेली.

"कधीपासून?"

"आई, घरी बोलू."

"कधीपासून, सिएनी?"

"दोन वर्षं झाली. तुमचा खांदा दुखायला लागला तेव्हापासून." सिएनी हळू आवाजात सांगू लागली. "दूध पाणचट यायचं. पाद्रीणबाई एकदा पान उघडून म्हणाल्या, आज सिनापाती आजारी आहे का, दुसऱ्या कोणी पिळलं का? तुम्ही तिथे नव्हता. मी हो म्हणाले. मग पुढच्या रविवारपासून चिमूटभर घालायला लागले. भट्टीत दाटतं ते. आज चारचौघांत न्यायचं म्हणूनही घातलं."

"पाणचट," सिनापाती म्हणाली. "माझं?"

तिला वाटलं होतं सून चोर निघेल, नाहीतर फेतूला फितूर. त्याला तिच्याकडे शिव्या तयार होत्या. याला काही तयार नव्हतं.

"खोटं बोलतेस," ती शेवटी म्हणाली आणि तरातरा वर्गात परतली. तेल काढून दाखवायला मास्तरांनी कोपऱ्यात खवलेला नारळ आणि पिळायची तंतूंची जुडी ठेवली होती. तिने विचारलं नाही. बसली, खोबऱ्याचा चव जुडीत गुंडाळला आणि पिळला. दात आवळले, खांद्यातून कळ गेली, तरी पिळला. दूध आलं. मग थांबलं.

"आता यात काही उरलं नाही," ती वर्गाला म्हणाली. "कोरडा भुसा. सिएनी, पीळ."

सिएनीने जुडी घेतली आणि पिळली. दोन थेंब आले.

"बघा," सिनापाती म्हणाली. पण म्हणता म्हणता तिची नजर सुनेच्या मनगटांवर गेली. ती मनगटं सैल होती. ही बाई रोज दोन बादल्या घेऊन चढण चढते.

"मला फसवू नकोस."

"आई, नाही येत."

सिनापातीने जुडी तिच्या हातून काढली आणि तिमेनाला दिली. "तू पीळ गं. सगळा जोर लावून."

तिमेनाला नाटक करायला कोणी शिकवलं नव्हतं. तिने जीभ बाहेर काढली, जुडीला पीळ दिला, आणि पांढरीशुभ्र, दाट धार वाडग्यात पडली. पडत राहिली. अर्धा वाडगा भरला तेव्हा पोरीने आनंदाने वर पाहिलं आणि आजीचा चेहरा पाहून थांबली.

सिनापाती स्वतःच्या हातांकडे बघत होती. कोणीतरी दुसऱ्या बाईचे हात आणून तिच्या मनगटांना लावले असावेत, तशी. रोज पहाटे ती भुसा म्हणून कोंबड्यांना टाकत होती ते हे. दोन वर्षं. आणि वर तोऱ्यात जेवायला बसत होती.

मास्तरांनी खाकरून पोरांना वह्या मिटायला सांगितल्या.

"मिटायच्या कशाला," सिनापाती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "दिसलं ते लिहायचं ना? लिहा. आजीने पिळलं तेवढं, नातीने पिळलं तेवढं. नाव नीट लिहा माझं."

फेतू पुढे सरकली. या वेळी टोमणा नव्हता, आवाज मऊ होता. "मग रविवारी मी..."

"रविवारी सिएनी पिळेल. मंडळाला मी सांगते. आरारुटाशिवाय पिळेल. मी शेजारी बसणार आणि एकेका थेंबाला नावं ठेवणार."

"आई," सिएनी म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"रडू नकोस, दूध खारट होईल." सिनापातीने वाडगा उचलून सुनेपुढे धरला. सिएनीने हात लावला, तरी वाडगा सुटेना. काठावर सिनापातीचीच बोटं आखडून बसली होती, आणि ती उघडत नाहीत हे तिला आत्ता कळत होतं.

"घे की," ती म्हणाली. "किती वेळ धरून बसू?"

सिएनीने एकेक बोट सोडवून वाडगा घेतला.