या, पन पानी आनू नका

मी एक जुनी छागल आहे. मित्रांनो, तुम्ही मला ओळखणार नाही. आता कातड्याच्या पिशवीत पाणी भरतं कोण? पण निजामाच्या अंमलात बीडच्या छागलींना मोठा मान होता. टांगेवाल्याच्या टांग्याला, फिरतीवरच्या अंमलदाराच्या खोगिराला आम्ही लटकत असू. माझं कातडं थोडं थोडं पाझरतं, त्याला वारा लागला की आतलं पाणी गार होतं. एवढाच काय तो माझा गुण. पण याच गुणापायी माझ्या हातून एक पाप घडलं, आणि ते तुम्हाला सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

माझा जन्म गावकुसाबाहेर झाला. सटवा नावाच्या कारागिराने माझं कातडं तरवडाच्या सालीत मुरवलं, त्याच्या बायकोने माझं तोंड शिवलं. शिवण अशी की थेंब गळायचा नाही. बाजारात मैनुद्दीनने मला भरून दुकानाच्या दारात टांगलं आणि एका गिऱ्हाइकाला पेलाभर पाणी पाजलं. "मास्टरसाब, इसमें पानी नै, बरफ रैता!" गिऱ्हाईक हसलं आणि मला घेऊन निघालं. मी फुगले नाही असं कशाला म्हणू?

ते गिऱ्हाईक म्हणजे मिशनचे उपदेशक सुंदरराव. माणूस फार सज्जन. मूळचे वरच्या जातीतले. तरुणपणी ख्रिस्ती झाले तेव्हा सख्ख्या आईने त्यांच्या नावाने अंघोळ केली. ते सगळं त्यांनी मुकाट सोसलं. धर्म बदलला, पण घशाची सवय काही बदलली नाही.

दर बुधवारी तट्टावर बसून ते पालीजवळच्या एका वस्तीवर जात. गावाने ज्यांना शिवायचं नाही असं ठरवलेलं, अशांची ती वस्ती. लिंबाच्या फांदीला मला अडकवायचं, खाली बसून शिकवायचं आणि उन्हं कलायच्या आत परतायचं, असा त्यांचा नेम होता. एका बुधवारी त्यांनी सांगितलं, की देव आभाळात बसून राहिला नाही, तो माणूस झाला आणि माणसांत वस्तीला राहिला.

पुढेच छबुबाई बसली होती. म्हातारी, पण जीभ कात्रीसारखी. वस्तीतली सहा घरं तिच्या शब्दाबाहेर नव्हती.

"वस्तीला म्हंजी? रातभर ऱ्हायला?"

"तेहतीस वर्षं राहिला, मावशी."

"कुनाच्या घरी?"

"एका सुताराच्या."

"त्येंच्या घरचं खाल्लं? पानी पेला?"

"खाल्लं, प्यायला, भुकेला, रडला. सगळं आपल्यासारखं."

छबुबाई म्हणाली, "मंग लई खरा द्येव हाय." ती उठली, घरात गेली आणि घासून लख्ख केलेल्या तांब्यात पाणी घेऊन आली. तांब्या तिने दोन्ही हातांनी पुढे केला. सगळी वस्ती बघत होती.

सुंदररावांचा हात वर आला आणि माझ्यावर येऊन थांबला. "असू दे मावशी, माझ्याजवळ आहे. मिशनच्या साहेबांची ताकीद आहे, फिरतीवर आपलंच पाणी प्यायचं."

ताकीद खरी होती. पण ते त्या ताकिदीमागे लपले होते, हे मला कळलं. छबुबाईने ते पाणी कोंबड्यांपुढे ओतलं आणि परत येऊन बसली, जरा मागे. आणि मला त्या वेळी काय वाटलं सांगू? अभिमान! माझ्यामुळे मालकाची वेळ निभावली म्हणून. ज्या सटवाने मला घडवलं तोही अशाच वस्तीतला. त्याच्या हातचं कातडं चालत होतं, पण तसल्याच हातांचं पाणी चालत नव्हतं, हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही.

पुढे चार वर्षं छबुबाई दर बुधवारी येत राहिली. बाप्तिस्म्याचा विषय निघाला की म्हणे, "बघू." ती थांबली म्हणून सहाही घरं थांबली. सुंदरराव हळहळत, "हिचं अडतं तरी कुठे?" मला ठाऊक होतं. पण छागलीला तोंड असतं ते पाण्यापुरतंच.

एके दिवशी सकाळी तिची सून अंजना मिशनच्या फाटकाशी आली. "आत्याचं काय खरं न्हाई, मास्तर. तुमाला बलावलंय. म्हनल्या, या, पन पानी आनू नका."

सुंदररावांना वाटलं, म्हातारी तापात बरळते आहे. त्यांनी घाईघाईने तट्टू काढलं आणि सवयीने मला भरून खांद्याला लावलं. त्या दिवशी तरी मी फाटायला हवं होतं. एक टाका उसवला असता तर पुरे होतं. पण सटवाचं काम पक्कं होतं.

छबुबाई वाकळेवर पडली होती. तिने सुंदररावांकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, तुमचा द्येव आल्ता आसंल. तुमी आजून यायचेच हाव."

एवढं बोलून तिने भिंतीकडे तोंड केलं. दुपारच्या आत ती गेली.

माती देऊन सगळे परतले, तेव्हा सुंदरराव तिच्या दारात खाली बसले. "अंजना, पाणी दे."

"सुतक हाय, मास्तर. सुतकाच्या घरचं पानी कुनी पेत न्हाई. आन् तुमच्या खांद्याला भरलेलं हाय की."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. सुंदररावांनी मला उतरवलं, बूच काढलं आणि सगळं पाणी मातीत ओतून दिलं. मग गाव या लोकांना जसं वरून पाणी ओतून पाजतं, तशी त्यांनी स्वतःची ओंजळ पुढे धरली. अंजनाने वरून ओतलं नाही. तांब्या त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "आत्या आसताना मागायचं व्हतं."

ते प्यायले, रडत रडत प्यायले. पाणी जरा मचूळ होतं, बस. घसा बसला नाही की पोट दुखलं नाही. जन्मभर ज्याची धास्ती घेतली ते एवढंच होतं. सुतक फिटेपर्यंत ते त्याच घरी वस्तीला राहिले. पुढे त्या सहा घरांनी काय केलं ते मला ठाऊक नाही, कारण त्यानंतर सुंदररावांनी मला कधी भरलंच नाही. कोरडी छागल तडकते, तशी मीही तडकले. तक्रार नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आमची काळजी घ्या. मला तेलपाणी नको. एवढंच करा, कोणी आपल्या दारात तुमच्यापुढे पाणी धरलं, तर "माझ्याजवळ आहे" असं म्हणू नका. छबुबाईने एकदाच तांब्या पुढे केला होता, आणि त्या दिवशी मी काठोकाठ भरलेली होते.